पायाला न लागणारा सांधा

बिरदेवने बसवलेल्या फरशीवरून डोळे मिटून अनवाणी चाला आणि एका फरशीवरून दुसरीवर पाय कधी पडला ते सांगा, अशी पैज तो लावायचा. मी अख्खी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून काढली. धावत्या गाडीत, दोन्ही हात तिकिटात गुंतलेले असताना उभं राहून राहून माझे तळवे चांगले शहाणे झालेत असा माझा समज होता. मी पैज हरलो. जिंतूरला एका सराफाच्या नव्या घरात त्याने मला या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवलं आणि भिंतीला नाक लागेपर्यंत मला काही कळलं नाही. तो पोट धरून हसला. "सांधा पायाला लागला तर समदी फरशी उखडून परत बसवून दीन," हे त्याचं ठरलेलं बोलणं. पुण्यात त्याला कामं मिळायची ती याच बोलण्यावर, आणि ते त्याने कधी खोटं पडू दिलं नाही.

आमचं गाव येलदरीच्या धरणाच्या अलीकडचं. बिरदेवच्या आणि माझ्या घरात एकच भिंत आहे, आणि तीही अशी की त्यांच्याकडे फोडणी पडली की ठसका आमच्याकडे लागतो. ते धनगर, शेळ्या-मेंढ्यांवर जगलेलं घर. बाप मेंढरं घेऊन नदीकाठाने फिरायचा आणि आई भिवराबाई लेकरं घेऊन घरी असायची. थोरला दत्तराव, मधली पार्वती, धाकटा बिरदेव. या बिरदेवला मेंढरांचा मनापासून कंटाळा. बापाने कळपामागे पाठवलं की हा झाडाखाली चपट्या दगडांचं अंगण मांडत बसायचा आणि मेंढरं कुणाच्या तरी ज्वारीत. लोकांची भांडणं मिटवता मिटवता बाप बेजार झाला आणि शेवटी परभणीच्या एका गवंड्याच्या हाताखाली पोराला देऊन मोकळा झाला. तिथून बिरदेव पुण्याला गेला आणि फरशीवाला झाला. मेंढरांत न रमलेला जीव तिथे रमला.

दत्तराव माझ्या बरोबरीचा. लहान असताना गोवराच्या तापात त्याचे डोळे गेले. गावाने तेव्हाच ठरवून टाकलं होतं की हे पोरगं आता देवळाच्या पायरीला बसणार. भिवराबाईने गावाचं ऐकलं नाही. त्यांच्या घराच्या मधोमध लाकडी मेढ होती, म्हणजे आढं पेलणारा खांब. तिने अंबाडीच्या दोऱ्या त्या मेढीला बांधल्या आणि एकीचं टोक दाराला नेलं, दुसरीचं चुलीला. पोराला म्हणाली, "दोरी सोडायची न्हाई, आन माय म्हणून वरडायचं बी न्हाई." पुढे दोऱ्या सुटल्या, पण मेढ राहिली. दारातल्या उंबऱ्याचा मधला भाग झिजून खोलगट झाला होता, तिथे पाय पडला की दत्तरावाला कळायचं आपण बरोबर मध्ये आहोत. आत शहाबादी, मग सारवलेली भुई, मग मेढ. मेढीला हात लावून डावीकडे वळलं की जमिनीतलं उखळ, आणि उखळाच्या काठाला अंगठा लागला की समोर चूल. हे सगळं तो असा चालायचा की नव्या माणसाला त्याच्याविषयी सांगावं लागायचं.

बाप आधीच गेलेला, आई गेल्यावर तो एकटाच राहायचा. शेळ्या पाळायचा, दूध काढायचा, अंबाडीचे दोर वळायचा. आणि चहा करायचा. दुपार कलली की माझी पावलं आपोआप त्याच्या ओसरीकडे वळायची. दूध वर आलं की त्याला आवाजावरून कळायचं. कप पुढे करायचा तो बरोबर माझ्या हातात, कारण मी खोकलो की मी कुठे बसलोय ते त्याला समजलेलं असायचं. घरी आलेल्याला चहा पाजल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही, ही त्याची ऐट होती. माणसाला एक तरी ऐट पाहिजे, त्याशिवाय सकाळी उठायचं कशासाठी?

भिवराबाई गेली तेव्हा बिरदेव पुण्यात कुठल्याशा उंच इमारतीत फरशी बसवत होता. तो पोचला तेव्हा चिता विझत आली होती. आई त्याला फोनवर नेहमी म्हणायची, "बिरू, दादाच्या घराकडं एकदा बघ रं." आणि हा म्हणायचा, येत्या दिवाळीला बघू. अशा किती दिवाळ्या गेल्या ते त्यालाच माहीत. तेराव्याला तो माझ्या ओट्यावर येऊन बसला आणि म्हणाला, "बन्सीभाऊ, लोकाची घरं चकाचक केली मी. आन माहा आंधळा भाऊ शेणानं सारवलेल्या भुईवर." मी नेहमीचंच बोललो, की होतं असं, कामधंद्याच्या मागे माणूस किती पुरा पडणार. पण ते त्याच्या मनात रुतून बसलं. त्यानंतर तो गावात आला की भावाच्या डोळ्यांना डोळा द्यायला घाबरायचा. समोरचा आंधळा असतानाही मान खाली घालून बोलणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

मग त्याला पुण्यात म्हाताऱ्या माणसांसाठी बांधलेल्या घरांचं काम मिळालं. तिथल्या आर्किटेक्ट बाईंनी सगळ्या कारागिरांना बसवून समजावलं होतं. या घरांना उंबरे नाहीत, कारण म्हातारा माणूस पाय उचलत नाही, घासत नेतो. दारं रुंद, कारण चाकाची खुर्ची आत आली पाहिजे. संडासात धरायला दांडी, खोलीच्या मध्ये अडथळा म्हणून काही नाही. बिरदेवला ते पाठ झालं. फोन करून करून मला ऐकवायचा. "एवढा इचार करतेत बगा ही माणसं. आन आमचा दादा तिथं उखळात पाय घालून पडंल एखांद्या दिवशी." दत्तराव उखळात कधीच पडला नव्हता. पडलो होतो तो मी, लाईट गेली होती तेव्हा. बाई आणखीही काही बोलल्या असतील, पण बिरदेवने त्याला पाहिजे तेवढं ऐकलं.

गेल्या उन्हाळ्यात दत्तरावाचं हर्नियाचं ऑपरेशन परभणीला झालं आणि बहीण पार्वतीबाई त्याला आरामासाठी पाथरीला आपल्या घरी घेऊन गेली. शेळ्यांकडे मी बघायचो. तो तिकडे गेला न गेला तोच बिरदेव फरशीने भरलेला टेम्पो घेऊन गावात हजर. सोबत बायको दिपाली. "दादाला एक सबुद कळू द्यायचा न्हाई बरं," त्याने मला बजावलं. त्याचा चेहरा असा फुलला होता की मला त्याचं लहानपण आठवलं, झाडाखाली दगड मांडून झाल्यावर असाच दिसायचा.

सगळं गाव बघायला येऊन गेलं. सूचना प्रत्येकाकडे होती. नळ इकडे घ्या, खिडकी तिकडे काढा. पण जो या घरात राहतो त्याला विचारलंस का, हे एकाही शहाण्याच्या तोंडून निघालं नाही. "त्याला कुठं दिसायलंय? पायाला गार लागलं की झालं," असं ओसरीवर कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. मीही हसलो. एवढी वर्षं त्याच्या हातचा चहा पिऊन मलाही दुसरं काही सुचलं नाही.

उंबरा काढायच्या वेळी दिपालीने तेवढी हरकत घेतली. "उंबऱ्याबिगर घर असतंय का कुठं? हळदीकुंकू कशाला वाहू?" बिरदेवने तिला नक्षीची एक पट्टी दाखवली, ती दारात बसवली, बाकीच्या फरशीच्या बरोबरीत, केसभरही वर नाही. म्हणाला, हा तुझा उंबरा, वाहा काय वाहायचं ते. उखळ बुजवलं. भुई खोदून एका पातळीत आणली. चुलीच्या जागी ओटा आणि गॅस आला. आत कमोड बसला, त्याच्या दोन्ही बाजूंना स्टीलच्या दांड्या. आणि मेढ. आढ्याखाली लोखंडी गर्डर टाकल्यावर मेढीवर भार उरला नाही. ती कापताना मी तिथेच उभा होतो. हाताच्या उंचीवर लाकूड घामाने काळं आणि गुळगुळीत झालं होतं, आणि खाली, लहान पोराच्या कमरेइतक्या उंचीवर, दोरीने पडलेली खाच होती. बिरदेवने त्या खाचेवरून बोट फिरवलं. थोडा थांबला. मग म्हणाला, "दादाला आता ह्याची गरज न्हाई," आणि करवत घातली.

फरशी मात्र त्याने जन्मात बसवली नसेल अशी बसवली. गुडघे टेकून, गाल जमिनीला लावून तो एकेका फरशीची पातळी बघायचा. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. काम संपलं त्या दिवशी मला म्हणाला, "बन्सीभाऊ, चाला डोळे मिटून." मी चाललो. सांधा लागला नाही. "मायच्या आत्म्याला आता शांती भेटंल," तो म्हणाला आणि त्याचे डोळे भरून आले.

दत्तराव परत आला त्या दिवशी दिपालीने पुरणाचा घाट घातला होता. माणसं जमली होती, म्हणून अंगणात मोठी चूल पेटवली होती आणि मेढीचे तुकडे तिच्यातच जळत होते. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. सागाचं जुनं लाकूड, जाळ छान धरतं.

पार्वतीबाई त्याला जीपने घेऊन आली. दारात येताच त्याने सवयीने पाय उंच उचलला, उंबरा ओलांडायला. उंबरा नव्हताच. पाय धपकन खाली आला आणि अख्खं अंग हेलकावलं. मी दंड धरला. तो आत गेला, हात पुढे केला मेढीसाठी, आणि हात तसाच हवेत राहिला. त्याने तो जरा डावीकडे नेला, मग उजवीकडे. मान वर करून कानोसा घेतला. मातीच्या भुईत जिरणारा आवाज आता फरशीवरून उड्या मारत परत येत होता.

"बिरू," तो हळूच म्हणाला, "ह्ये कुणाच्या घरी आणलंय मला?"

सगळ्यांना ती थट्टाच वाटली आणि घर हसण्याने भरून गेलं. बिरदेव तर लहान पोरासारखा नाचायचा बाकी होता. "आपलंच हाय दादा. वळखलं न्हाईस न्हवं?" म्हणत त्याने भावाचा हात धरला आणि सगळं घर दाखवलं. ह्या दांड्या, हा नळ, हा ओटा. दत्तराव प्रत्येक वस्तूला हात लावून म्हणत होता, "लय भारी केलंस. लय ग्वाड." तो आवाज माझ्या ओळखीचा होता. म्हातारी बाई चुकीच्या एसटीत बसते आणि गाडी सुटल्यावर तिच्या ध्यानात येतं, तेव्हा ती शेजारणीला असंच सांगते की सीट चांगली आहे, वारा येतोय. पण पुरणपोळीवर तूप पडत होतं आणि मी जास्त खोलात शिरलो नाही.

दुसऱ्या दिवसापासून दत्तराव शेळ्यांच्या गोठ्यात राहायला गेला. म्हणाला, एक शेळी गाभण आहे, कधीही विईल. शेळी व्याली, दोन करडं झाली, तरी तो गोठ्यातच. मग म्हणाला, आत उकाडा होतो. उकाडा गोठ्यावरच्या पत्र्याखाली जास्त होता. जेवायच्या वेळी दिपाली हात धरून त्याला आत नेऊन बसवायची आणि जेवण झालं की परत आणायची. हात धरू देणारा दत्तराव मला नवीन होता. चहाचं विचारलं तर म्हणाला, "आता दिपाली हाय की करायला." दिपालीचा चहा वाईट नव्हता. पण तो प्यायला मी ओसरीवर बसलो की दत्तराव गोठ्यातून यायचाच नाही.

बिरदेव सुट्टी वाढवून थांबला होता. भावाला नव्या घरात सुखाने वावरताना डोळे भरून बघायचं होतं त्याला. ते सुख काही नजरेला पडेना. आधी तो खट्टू झाला, मग चिडला. "ज्याचं करावं भलं, त्यो म्हणतो माहंच खरं," असं मला ऐकवून गेला. पण रागाच्या खाली दुसरंच होतं. एका सकाळी माझ्याकडे येऊन तो म्हणाला, "दादा मला मायच्या टायमाला आलो न्हाई त्याची सजा द्यायलाय. मी बांधलेल्या घरात ऱ्हायचंच न्हाई त्याला." मी म्हणालो, विचार ना त्याला सरळ. तर म्हणे, "काय तोंडानं इचारू?" भावाचा अबोला त्याने आपल्याच जुन्या गुन्ह्याच्या खात्यावर टाकला. अपराधी माणसाला जगातलं सगळं वाकडं बोलणं आपल्यालाच उद्देशून आहे असं वाटत असतं, त्यातलाच हा प्रकार. शेवटी त्याने पुण्याला परत जायचं ठरवलं. दिपालीने पिशव्या भरल्या.

निघायच्या आदल्या दुपारी ती दळण आणायला गिरणीवर गेली होती. बिरदेव आणि मी पारावरून परत आलो. दार उघडं होतं. आत पाहिलं तर दत्तराव घराच्या मधोमध दोन्ही गुडघ्यांवर आणि हातांवर, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला, फरशीवरून तळहात घासत चाललेला. पुढे सरकायचा, थांबायचा, बोटांची टोकं फिरवायचा, परत मागे यायचा.

"काय सांडलं दादा?" बिरदेवने विचारलं.

दत्तराव दचकला. मग तसाच बसून राहिला. "सांडलं न्हाई काई. सांधा हुडकायलो."

"कशाचा सांधा?"

"तुह्या फरशीचा. एक तरी घावंल म्हणलं. एक घावला की त्याच्यावरून चुलीचा अंदाज धरीन. तू उद्या जायलास. म्हणलं, एक डाव माह्या हातचा चहा पाजावा."

बिरदेव दारातच खाली बसला. ज्या सांध्यासाठी हा माणूस गाल जमिनीला घासत होता, पैजा मारत होता, तोच सांधा त्याचा भाऊ रांगत शोधत होता, आणि तो सापडणार नाही याची पक्की व्यवस्था बिरदेवनेच केली होती. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती म्हणतात, पण इथे तर गणपती हुबेहूब झाला होता. चूक कामात असती तर दुरुस्त करता आली असती.

"मला बोलला का न्हाईस?" बिरदेवने विचारलं.

"एवढ्या हौसेनं केलंस. काय बोलू?" दत्तराव म्हणाला. "मला घरात डोळ्यांची गरज न्हवती बिरू. भाईर लागायची. रस्त्यानं, बाजारात. घरात कधी लागली न्हाई. आता भुई समदी सारखीच. कुठंबी उभा ऱ्हायलो तरी एकाच जागी उभा हाय असं वाटतंय. म्हणून गोठ्यात जायलो. तिथं अजून माहं मला घावतंय."

बिरदेव उठला, कोपऱ्यातली हत्यारांची पिशवी त्याने ओढली आणि घण बाहेर काढला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही भान नव्हतं. "समदी उखडतो. आत्ताच उखडतो." आवाजावरून दत्तरावाला कळलं हातात काय आहे ते.

"थांब," तो म्हणाला. "बसवताना इचारलं न्हाईस. फोडताना तरी इचार."

घण खाली ठेवल्याचा आवाज झाला. बाहेर करडं ओरडत होती. मग दत्तरावानेच मला गोठ्यातून अंबाडीच्या दोरांचं बंडल आणायला सांगितलं, त्याने स्वतः वळलेले दोर. म्हणाला, "माय बांधायची तसं बांधा. एक दाराला, एक चुलीला. चालून बगतो, आन कुठं काय पायजे ते सांगतो." दाराच्या कडीला मी एक टोक बांधलं, ओट्याच्या पायाला दुसऱ्या दोराचं. पण दोन्हींची दुसरी टोकं बांधायची कशाला? मेढ नव्हती. मी दोर हातात घेऊन मूर्खासारखा उभा राहिलो. तेव्हा बिरदेव आला, माझ्या हातातून दोन्ही टोकं घेतली आणि मेढ होती तिथे जाऊन उभा राहिला.

साठीला आलेला दत्तराव दाराशी गेला आणि दोराला हात लावून आपल्याच घरात पहिल्यापासून चालायला लागला. हळूहळू, तळवा टेकवून. मध्येच थांबून सांगायचा, इथे खरबरीत दगड पाहिजे, इथे उंचवटा. मी खडूने खुणा करत होतो. दोर संपला तसा त्याचा हात बिरदेवच्या खांद्यावर पडला. तिथे तो थांबला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्याने भावाला आपणहून हात लावला होता.

"दादा," बिरदेव म्हणाला, "मी तुला इचारायला पायजे होतं."

"इचारलं असतंस तर मी न्हाई म्हणलो असतो."

"व्हय."

"ते तुला ठावं होतं."

बिरदेवने दोर मुठीत आणखी घट्ट आवळले.

"म्हणूनच न्हाई इचारलंस," दत्तराव म्हणाला. रागाने नाही, शेळी कुठल्या बाजूने लंगडते ते सांगावं तसं. "तुला घर करायचं होतं. माह्यासाठी असंल, मायसाठी असंल, पण करायचं होतं तुला. तेवढं केल्याबिगर तुला झोप लागत न्हवती." मग त्याने खांद्यावरचा हात न काढता डावीकडे वळून दुसरा दोर धरला. बिरदेवला हुंदका आला तसा हातातल्या दोराला हिसका बसला. "हलू नको," दत्तराव म्हणाला. "मेढ हलत नसती."

बिरदेवचं जाणं राहिलं. त्याने ग्राइंडर लावून स्वतःची फरशी स्वतः कापली. आयुष्यभर सांधा लपवणाऱ्या हाताला सांधा दाखवायचा कसा ते जमत नव्हतं. शहाबादीची पट्टी वर ठेवली की थापी सवयीने फिरायची आणि कडा मऊ करून टाकायची. दत्तराव पाय ठेवून बघायचा आणि म्हणायचा, "लय गुळगुळीत झालं, परत कर." बिरदेव निमूटपणे परत करायचा. दारात लाकडाचा उंबरा आला, दिपालीने त्यावर हळदीकुंकू वाहिलं. संडासातल्या दांड्या दत्तरावाने ठेवून घेतल्या. म्हणाला, गुडघे पुढे कुरकुरणारच आहेत, हे चांगलं केलंस. उखळाच्या जागी एक गोल दगड बसला, काठ अंगठ्याला लागेल असा. नवी मेढ उभी करतो म्हणून बिरदेव तिच्यासाठी लाकूड बघून आला, पण ते मात्र दत्तरावाने करू दिलं नाही. "ज्याच्यावर घर न्हाई, त्या खांबाला हात लावून काय करू?" असं म्हणाला. माझ्या अंगणातल्या राखेकडे त्या दिवशी मला बघवेना, कारण भांडी घासायला मेढीची ती राख आम्हीच उचलून आणली होती.

दत्तराव आता घरात झोपतो. दुपार कलली की मी ओसरीवर जाऊन बसतो आणि खोकतो. तो उंबरा ओलांडतो, खरबरीत पट्टीवरून आत जातो, आणि मेढ होती तिथे पोचला की त्याचा हात पुढे जातो. जागा पायाला कळलेली असते, हाताची गरज नसते, तरी हात जातो. रिकाम्या हवेतून परत येतो आणि मग तो डावीकडे वळतो.

बिरदेव पुण्याहून येतो तेव्हा चहाच्या वेळेला तो ओसरीवर बसत नाही. भाऊ आत जायला निघाला की हा आधीच आत जाऊन त्या जागी उभा राहतो. पाय जुळवून, मान खाली, कुणी शिक्षा दिल्यासारखा. दत्तरावाचा हात त्याच्या खांद्यावर पडतो, क्षणभर टेकतो, आणि तो चहा करायला जातो. त्या दिवशी चहा थोडा जास्तच गोड होतो.